पोरांनी विचारलेले आणि मोठ्यांनाही पडणारे विज्ञानाचे प्रश्न : बेळगाव-खानापूरकडच्या घरांसाठी

मी बेळगावात वडगावला संध्याकाळी पोरांची ट्यूशन घेते, पाचवी ते दहावी. माहेर खानापूर तालुक्यातलं. पोरं पुस्तकातलं कमी आणि बाहेरचं जास्त विचारतात, त्यांना सोडायला येणाऱ्या आया आणि आजोबापण दारात उभं राहून एखादा प्रश्न विचारतातच. दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. आमच्याकडं एकाच घरात एक पोरगं मराठी मिडियमला, एक कन्नडला, एक इंग्लिशला असं असतंय, तिघांच्या पुस्तकातले शब्द तीन, त्यामुळं जमेल तेवढं घरातल्या बोलीतच लिहिलंय. जिथं करून बघता येतंय तिथं करून बघाच, नुसतं वाचून सोडू नका.

टीचर, जांबोटी-कणकुंबीला पाऊस थांबत नाही आणि अथणीला ढग नुसते येऊन जातात. जिल्हा तर एकच की, मग असं का?

जिल्हा एकच आहे पण मध्ये सह्याद्री आहे ना. जूनमध्ये अरबी समुद्रावरनं वारा येतो तो पाण्याच्या वाफेनं भरलेला असतो आणि तो गोव्याकडनं येऊन घाटाला धडकतो, पुढं जायला वाट नाही म्हणून वर चढतो. वर हवेचा दाब कमी, त्यामुळं ती हवा पसरते आणि पसरली की गार होते. साधारण एक किलोमीटर वर गेलं की साडेसहा डिग्रीनं गारवा वाढतो. गार हवेत वाफ मावत नाही, तिचे थेंब होतात, आणि ते सगळं चोर्ला, कणकुंबी, जांबोटी ह्या पट्ट्यात ओतलं जातं. घाट ओलांडून तीच हवा पूर्वेला खाली उतरायला लागली की परत गरम होते, आणि गरम होणाऱ्या हवेतनं पाऊस पडत नाही. म्हणून खानापूरला चिखल, बेळगाव शहरात मध्यम आणि बैलहोंगल, सौंदत्ती, अथणीकडं जाल तसं कोरडं. ह्याला पर्जन्यछाया म्हणतात, डोंगराची सावली पडल्यासारखं, फक्त उन्हाची नाही तर पावसाची.

पसरलेली हवा गार होते हे खोटं वाटत असेल तर सायकलच्या चाकाची हवा सोडा आणि व्हॉल्व्हपुढं बोट धरा. आणि पंप मारताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं, ते बरोबर ह्याच्या उलट, तिथं हवा दाबली जाते.

अजून एक सांगते, मला हे फार आवडतं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेकडं वाहत सौंदत्तीजवळ नविलतीर्थच्या धरणात जाते. म्हणजे कणकुंबीचा पाऊस सौंदत्तीला पोचतोच, ढगातनं नाही तर नदीतनं.

पेपरात १०० मिलिमीटर पाऊस असं येतं, म्हणजे नेमकं किती पाणी?

एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढं लक्षात ठेवा. हजार स्क्वेअर फुटाचा स्लॅब साधारण ९३ चौरस मीटर होतो, त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर नऊ हजार लिटरच्या वर पाणी तुमच्या डोक्यावरनं गटारात गेलं. उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही तेव्हा मला हा हिशोब आठवतो आणि जीव हळहळतो.

वळीव दुपारनंतरच का येतो? आणि वीज आधी दिसते, आवाज मागनं का येतो?

एप्रिल-मेमध्ये सकाळपासनं जमीन तापत जाते, तिच्यावरची हवा गरम होऊन वर उठते, दुपारी तीन-चारपर्यंत ती दहा-बारा किलोमीटर उंच ढग उभा करते. वरच्या टोकाला बर्फ असतो, त्यातनंच गारा पडतात. त्या ढगात बर्फाचे कण एकमेकांवर घासून विजेचा भार तयार होतो आणि तो सुटतो तेव्हा आपल्याला लखकन दिसतं. कन्नड मिडियमची पोरं चमकण्याला मिंचू आणि गडगडण्याला गुडुगु म्हणतात. मराठीत घरातल्या लाइटलापण वीज आणि ढगातलीलापण वीज, त्यामुळं लहान पोरं दोन्ही एकच का असं विचारतात, तर हो, मुळात एकच.

विजेच्या वाटेतली हवा क्षणात तीस हजार डिग्रीच्या आसपास तापते, सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा पाचपट. एवढी तापलेली हवा फाटकन फुगते, तोच गडगडाट. उजेड सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, आवाज बिचारा ३४० मीटर, म्हणून मागं राहतो. चमकल्यावर मोजायला सुरू करा, दर तीन सेकंदाला एक किलोमीटर. नऊ मोजल्यावर आवाज आला तर वीज तीन किलोमीटरवर पडली.

आता हे मात्र नीट वाचा. चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर घरात चला, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. शिवारात असाल तर आंब्याखाली, चिंचेखाली थांबू नका, आपल्याकडं बहुतेक माणसं तिथंच सापडतात, कारण वीज उंच झाडावर पडते आणि तिथनं बाजूच्या माणसावर उडी मारते. बंद गाडीत बसलात तर चालतं. आणि कुणाच्या अंगावर वीज पडली तर त्याला हात लावायला भिऊ नका, अंगात करंट राहत नाही, श्वास बंद असेल तर लगेच छाती दाबायला सुरू करा, असली माणसं वाचतात.

पहिल्या पावसात मातीचा वास येतो तो मातीचा असतो का पाण्याचा?

दोन्हीचा नाही. मातीत राहणारे बारीक जिवाणू जिऑस्मिन नावाचा पदार्थ सोडतात, त्याचा मुख्य वास. बीट चिरताना जो मातकट वास येतो तोपण हाच. माणसाचं नाक ह्या एका वासाला एवढं तीक्ष्ण आहे की हवेत नावाला असला तरी कळतो. शिवाय उन्हाळाभर झाडांतनं निघालेली तेलं दगडा-मातीत मुरलेली असतात तीपण ह्यात मिसळतात. इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस ह्या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९६४ मध्ये ह्या वासाला पेट्रिकोर असं नाव दिलं.

हा वास हवेत कसा चढतो ते मात्र २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी ह्या संशोधन संस्थेत फास्ट कॅमेरा लावून बघितलं. थेंब कोरड्या मातीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर येऊन सोड्यासारखे फुटतात आणि बारीक तुषार उडवतात, त्यावर बसून वास येतो. हलक्या पावसात हे जास्त होतं आणि धो-धो पावसात कमी. म्हणूनच वळवाच्या पहिल्या चार थेंबांना जो वास असतो तो जुलैच्या झडीला नसतो. उत्तर प्रदेशात कनौजला ह्याच वासाचं अत्तर काढतात, मातीची भांडी भट्टीत तापवून.

खानापूरची माती लाल आणि बैलहोंगलची काळी का?

लाल म्हणजे गंज. खरंच. खानापूरकडं लाखो वर्षं जोराचा पाऊस पडतोय, त्यानं दगडातलं विरघळणारं सगळं वाहून नेलं आणि लोखंड-अॅल्युमिनियम मागं राहिलं, त्या लोखंडाला गंज चढून रंग आला. त्याचाच दगड म्हणजे जांभा. माझ्या माहेरी विहीर जांभ्याची आहे. आजोबा सांगायचे की खाणीतनं ताजा काढला तेव्हा कुऱ्हाडीनंपण कापत होता, मग वर्ष-दोन वर्षं उन्हावाऱ्यात पडला की कडक. ते बरोबर आहे, ओलावा गेला की आतलं लोखंड घट्ट बांधून घेतं. फ्रान्सिस बुकानन नावाच्या माणसानं केरळातल्या अंगाडीपुरमला हा दगड विटेसारखा कापताना बघितला आणि १८०७ मध्ये छापलेल्या पुस्तकात लॅटिन भाषेतल्या विटेवरनंच त्याला लॅटेराइट नाव दिलं.

पूर्वेच्या काळ्या मातीत पाऊस कमी, त्यामुळं चिकणमाती तिथंच राहिली. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. मार्चमध्ये काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या ह्यामुळं, आणि काळ्या जमिनीवर पाया उथळ घातला तर घराच्या भिंतीपण तडकतात. पण हीच माती ओल धरून ठेवते म्हणून पावसाळा संपल्यावर त्या ओलीवरच जोंधळा आणि हरभरा येतो. लाल मातीत असं करायला जाल तर पीक वाळून जाईल.

माठातलं पाणी गार होतं, मग पावसाळ्यात का होत नाही?

माठाच्या अंगाला बारीक छिद्रं असतात, त्यातनं पाणी झिरपून बाहेर येतं आणि वाळतं. वाळताना पाण्याला उष्णता लागते ती ते माठातनंच ओढून घेतं. एक चमचाभर पाणी वाळलं तर ते अडीच-तीन लिटर पाणी एक डिग्रीनं गार करतं, एवढी ताकद आहे. पावसाळ्यात हवा आधीच ओली, त्यामुळं बाहेरचं पाणी वाळतच नाही. अथणीच्या कोरड्या उन्हात माठ फ्रीजसारखा चालेल, कणकुंबीच्या जुलैत नाही.

आमच्या खानापूरची मातीची भांडी सगळीकडं माहीत आहेत, कुंभारकामाचं ट्रेनिंग देणारी केंद्र सरकारची संस्थापण तिथं आहे. माठ घेताना आतबाहेर ऑइलपेंट लावलेला घेऊ नका, छिद्रं बुजतात आणि मग तो नुसता घडा राहतो. जुना माठ गार करत नसेल तर घासणीनं बाहेरनं घासून बघा, क्षारांनी छिद्रं भरलेली असतात.

उकळी आल्यावर गॅस मोठा ठेवला तर डाळ लवकर शिजते का?

नाही. हा प्रश्न आमच्या शेजारच्या अक्कांनी विचारला होता आणि मला तो दहावीच्या पोरांच्या प्रश्नांपेक्षा भारी वाटला. पाणी एकदा उकळायला लागलं की त्याचं तापमान पुढं चढत नाही, तुम्ही कितीपण गॅस जाळा, ती सगळी उष्णता वाफ करण्यात जाते. बारीक उकळी आणि खळखळ उकळी, डाळीला दोन्ही सारखंच. गॅस बारीक करा आणि झाकण ठेवा, सिलिंडर चार दिवस जास्त जाईल.

आणि आपण समुद्रापासनं साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहोत, त्यामुळं बेळगावात पाणी १०० ला नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. पुस्तकात १०० लिहिलंय ते कारवारच्या किनाऱ्यावर बरोबर. कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी १२० पर्यंत जातं, म्हणून त्यात डाळ झटपट होते.

दूध उतू जातं आणि पाणी जात नाही तेपण विचारतात. दुधात प्रोटीन आणि स्निग्ध असतं, त्याची वर साय धरते, खालची वाफ तिच्यात अडकून फेस होतो आणि तो फेसच वर चढतो. भांड्यावर आडवा लाकडी चमचा ठेवला तर फेस त्याला लागून फुटतो आणि थोडा वेळ मिळतो, पण समोरनं हलू नका.

गोकाकचा धबधबा वरनं गढूळ असतो मग पडताना पांढरा का दिसतो?

घटप्रभा नदी तिथं ५२ मीटर खाली पडते, उंची नायगाराच्या जवळपास आणि घोड्याच्या नालेसारखा आकारपण तसाच. पडताना पाण्यात हवा घुसते, लाखो बुडबुडे आणि थेंब होतात, आणि प्रत्येकावरनं उजेड सगळीकडं उडतो. सगळे रंग सारखे उडाले की पांढरं दिसतं. साखर, मीठ, साबणाचा फेस, सगळ्यांचं तेच. तरी ऑगस्टमध्ये भरून आल्यावर माती एवढी असते की पांढऱ्यातपण तांबूस झाक राहते.

हवा नसती तर पाणी सव्वातीन सेकंदात खाली पोचलं असतं आणि तळाला वेग ताशी ११५ किलोमीटर झाला असता. हवा अडवते, धार फुटते, म्हणून झुलत्या पुलावर तोंडावर तुषार येतात. ह्या पडण्याच्या जोरावर १८८७ पासनं तिथल्या सूतगिरणीसाठी वीज काढली. आत्ता बघायला जायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर जा, आणि खडकावर सेल्फीसाठी उतरू नका, शेवाळावर पाय निसटायला एक क्षण पुरतो.

आमच्या शिवारातल्या बासमतीला वास येतो, दुसऱ्या भाताला का नाही?

वडगाव, शहापूर, येळ्ळूर ह्या शिवारात बासमती पिकायचा तेव्हा एका घरात भात शिजला की गल्लीला कळायचं. त्या वासाच्या पदार्थाचं नाव टू-असिटाइल-वन-पायरोलीन असं लांबलचक आहे, भातात टाकायचं ते वासाचं हिरवं पान असतं त्यातपण तोच, आणि गरम पॉपकॉर्नमध्येपण. गंमत म्हणजे वासाच्या भातात काही जास्तीचं नसतं. साध्या भातात एक एन्झाइम असतं जे हा पदार्थ तयारच होऊ देत नाही, वासाच्या भातात त्याचं जीन बिघडलेलं असतं, म्हणून वास साठतो. दाणा भरताना रात्री गार असल्या तर वास चांगला धरतो, आपल्याकडं ऑक्टोबर-नोव्हेंबरला तसंच असतं. तांदूळ जुना झाला की वास उडत जातो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

ह्या शिवारात आता प्लॉट पडालेत आणि बासमती कमी कमी होत चाललाय. ज्यांच्याकडं घरचं बियाणं आहे त्यांनी ते जपून ठेवा एवढंच माझं सांगणं आहे.

नागपंचमीला नाग दूध पितो का?

पीत नाही. साप मांस खाणारा प्राणी, दूध त्याला पचत नाही. गारुडी आधी त्याला कित्येक दिवस उपाशी-तहानलेला ठेवतात, मग तहानेनं तो समोर असेल ते पितो आणि नंतर बऱ्याच वेळा मरतो. पुंगीवरपण तो डुलत नाही, सापाला बाहेर कान नसतात, जमिनीची थरथर त्याला जबड्याच्या हाडातनं कळते, तो पुंगीच्या हलण्याकडं लक्ष ठेवून असतो. पूजा मातीच्या नागाची करा, आमच्या घरी तशीच होते, तंबिटाचे लाडू तेवढेच गोड लागतात.

पण ह्यापेक्षा महत्त्वाचं सांगायचंय. माझ्या माहेरच्या गावात एका माणसाला रात्री झोपेत मण्यार चावली. मण्यारीचा दंश दुखत नाही, सूजपण नसते, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही, पहाटे पापण्या मिटायला लागल्या तेव्हा आधी मंत्र टाकणाऱ्याकडं नेलं, आणि तिथं जे दोन तास गेले ते परत आले नाहीत. मी तेव्हा आठवीत होते. म्हणून दरवर्षी पोरांकडनं हे पाठ करून घेते : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, आपल्याकडचे मुख्य विषारी साप हे चार, आणि ह्या चारींवर एकच इंजेक्शन चालतं, ते घोड्यांच्या रक्तापासनं बनवतात आणि सरकारी दवाखान्यात मिळतं. चावलं की माणसाला हलवू नका, धीर द्या, अंगठी-बांगड्या काढा, चावलेल्या हातापायाला फळी बांधून स्थिर करा आणि सरळ हॉस्पिटल गाठा. घट्ट दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, तोंडानं ओढू नका. साप मारून न्यायची गरज नाही. २०२४ पासनं कर्नाटकात साप चावलेली प्रत्येक केस दवाखान्याला सरकारकडं कळवावी लागते. भुईवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावं, मण्यारीला तेवढं पुरतं.

काजवा हाताला भाजत का नाही?

त्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचा पदार्थ ऑक्सिजनला मिळतो आणि उजेड निघतो, त्यात उष्णता अगदी नावापुरती होते. जुन्या पिवळ्या बल्बात बरोबर उलटं, बहुतेक सगळी वीज तापण्यातच जायची. मेच्या शेवटी, पाऊस सुरू व्हायच्या आधी जांबोटी-चोर्ल्याकडं झाडंच्या झाडं लुकलुकतात, ते नर मादीला बोलवत असतात, मादी खालनं उत्तर देते. गाडीच्या हेडलाइटमध्ये तिला तो दिसत नाही आणि जोडी जुळत नाही. बघायला जाल तर टॉर्च, फ्लॅश, मोबाइल सगळं बंद.

वटवाघळं उलटी लटकून झोपतात तर पडत कशी नाहीत?

आपल्याला पकडायला जोर लागतो, त्यांना सोडायला लागतो. अंगाच्या वजनानंच पायाचे स्नायुबंध ओढले जातात आणि नखं आपोआप आवळतात. आणि ती आंधळी नसतात. खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहांत रॉटन्स फ्री-टेल्ड नावाचं वटवाघूळ राहतं, जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं, तेव्हा गुहेत फटाके फोडू नका, धूर करू नका.

बसमधनं चंद्र आपल्याबरोबर का पळतो?

निपाणीच्या वाटेवर रस्त्याकडंचा खांब झटकन मागं जातो, लांबचा डोंगर हळू, आणि चंद्र तर तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरवर, आपण पन्नास किलोमीटर गेलो तरी त्याला बघायची दिशा बदलतच नाही. सगळं मागं जातंय आणि तो एकटाच जागेवर, म्हणून तो सोबत येतोय असं वाटतं.

दुपारी बाराला सावली पायाखाली येते म्हणतात, मग दिसत का नाही?

वर्षातले दोनच दिवस सूर्य बेळगावच्या बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या पहिल्या आठवड्यात आणि एकदा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. बाकी दिवस तो थोडा उत्तरेला नाहीतर दक्षिणेला असतो. आणि वेळ बाराची नाही, भारताचं घड्याळ आपल्या पूर्वेकडच्या रेखांशाच्या रेषेवर लावलंय, ती आपल्यापासनं आठ अंश लांब, त्यामुळं मे महिन्यात आपली खरी दुपार साडेबाराच्या आसपास होते. ऑगस्टमध्ये ढग असतात, म्हणून मेमध्येच बघा. ३ आणि ४ तारखेला दोन्ही दिवस गच्चीवर स्टीलचा पेला उपडा ठेवा, सव्वाबारापासनं दर पाच मिनिटांनी खडूनं सावलीची कड आखत जा. साडेबाराला पेला नुसता उन्हात उभा दिसेल, सावली नाही. पोरांना बरोबर घ्या आणि पायात चपला घाला, स्लॅब फार तापलेला असतो.